टॉम मॉरिस : मैदान राखणारा माणूस

फ्ल्युइड मेकॅनिक्सच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न आहे. गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात? बाउंडरी लेयर, टर्ब्युलन्स, ड्रॅग... चार मार्कांचं उत्तर आपण सगळेच पाठ करतो आणि पेपर झाला की मेसच्या वाटेवर विसरूनही जातो. मीही त्यातलाच. गोल्फची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. आपलं क्रिकेट पार्किंगमधलं, तेही अंडरआर्म, आणि वॉर्डनच्या खिडकीला लागला की बॅट्समन आउट! पण त्या चार मार्कांच्या उत्तरासाठी वाचता वाचता मी एका माणसापाशी येऊन पोचलो आणि तो काही डोक्यातून जाईना. त्याचं नाव टॉम मॉरिस. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावचा. जन्म १६ जून १८२१, मृत्यू २४ मे १९०८. गोल्फच्या इतिहासात त्याला ओल्ड टॉम म्हणतात, कारण त्याच्याच नावाचा मुलगाही तितकाच मोठा खेळाडू झाला. आपल्याकडच्या पद्धतीने मी त्यांना थोरला टॉम आणि धाकटा टॉम म्हणणार आहे.

ज्यांना गोल्फ म्हणजे फक्त श्रीमंतांचा टाइमपास वाटतो त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. जमिनीत एक भोक असतं, सव्वाचार इंच व्यासाचं. दूरवरून चेंडू काठीने मारत मारत त्या भोकात घालायचा. कमीत कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. अशी अठरा भोकं म्हणजे एक फेरी, म्हणजे राउंड. भोकालाही होल म्हणतात आणि सुरुवातीपासून भोकापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. भोकाभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. वाळूचा खड्डा म्हणजे बंकर, त्यात चेंडू पडला की बोंबललं. बस्स, एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

आता गाव. सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ सीच्या काठावर आहे. तेही आपल्यासारखंच विद्यार्थ्यांचं गाव बरं का! तिथलं विद्यापीठ १४१३ सालचं, स्कॉटलंडमधलं सगळ्यात जुनं. गावाला लागून समुद्र, आणि समुद्र व शेती यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांची खुरटं गवत उगवलेली पट्टी. कोकणात पुळण संपल्यावर माड-सुरूच्या आधी जशी उंचसखल वाळूची पट्टी लागते ना, तसंच काहीसं; फक्त हवा थंड आणि वर गवत. अशा जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात. शेतीच्या दृष्टीने कुचकामी. मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, बायका कपडे वाळत घालायच्या आणि लोक गोल्फ खेळायचे. गोल्फ तिथे इतका जुना की १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली होती. पोरं धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसतात म्हणून! बंदीचं पुढे काय झालं हे सांगायला नकोच. आपल्याही वसतिगृहात रात्री अकरानंतर कॅरम खेळायला बंदी आहे.

ही जमीन गावाच्या हातून एकदा गेलीही होती. कर्जापायी नगरपालिकेने १७९७ मध्ये ती गमावली आणि तिच्यावर सशांची शेती सुरू झाली. शेवटी जेम्स चीप नावाच्या एका जमीनदाराने १८२१ मध्ये ती विकत घेतली आणि गोल्फ वाचला. टॉमचा जन्मही त्याच वर्षीचा. योगायोगच, पण मला तो आवडला.

टॉमचे वडील हातमागावर कापड विणायचे. पोरगं शाळेत थोडंफार शिकलं आणि चौदाएक वर्षांचं झाल्यावर अ‍ॅलन रॉबर्टसन या माणसाकडे कामाला लागलं. रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वांत चांगला गोल्फर मानला जायचा, पण त्याचं पोट भरायचं ते चेंडू बनवण्यावर. तो चेंडू कसा होता ते ऐका, मेकॅनिकलवाल्यांनी तर जरूर. ओल्या चामड्याचे तुकडे शिवायचे, शिवण आत जाईल असे उलटायचे आणि त्या इवल्याशा पिशवीत उकळून मऊ केलेली बदकाच्या जातीतल्या हंसाची पिसं ठासायची. किती? उंच टोपी भरेल इतकी! मग वाळवायचं. वाळताना चामडं आकसतं आणि पिसं फुगतात, दोन्ही एकमेकांना दाबतात आणि चेंडू दगडासारखा टणक होतो. प्रीस्ट्रेसिंगच की हे! पण एक माणूस दिवसभरात तीन-चारच चेंडू करू शके. त्यामुळे चेंडू महाग, आणि पावसात भिजला की त्याची शिवण उसवायची. पिसांचा धुरळा आणि छातीने दाब देऊन ठासण्याचं काम यामुळे कारागिरांची छाती खराब होई, ते वेगळंच.

टॉम तिथे चेंडू बनवायला शिकला आणि रॉबर्टसनबरोबर खेळायलाही. जोडीने खेळताना या दोघांना हरवणं फार अवघड होतं. गुरू-शिष्याचं चांगलं चाललं होतं. आणि मग १८४८ च्या सुमारास बाजारात नवीन चेंडू आला.

हा चेंडू गटापर्चाचा होता. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक, गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की कडक. आजही रूट कॅनाल करताना डेंटिस्ट दातात जे भरतो ते हेच. आणि समुद्राखालच्या पहिल्या तारायंत्राच्या केबलींना इन्सुलेशनही याचंच होतं. त्याचा चेंडू कुणी केला याची एक मजेदार कथा सांगतात. सेंट अँड्र्यूजला शिकणाऱ्या पॅटरसन नावाच्या एका गरीब विद्यार्थ्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते. ते पठ्ठ्याने गरम करून वळले आणि गोल्फचा चेंडू केला! कथा खरी की रचलेली, ते विष्णूलाच ठाऊक; पण चेंडू खरा होता. स्वस्त होता, पाण्याने बिघडत नव्हता आणि फुटला तर पुन्हा गरम करून वळता येत होता.

रॉबर्टसनच्या पोटावर पाय आला. शिष्याने हा चेंडू कधी वापरायचा नाही अशी त्याची सक्त अट होती. एक दिवस खेळताना टॉमचे चेंडू संपले, त्याने सोबतच्या माणसाकडून गटापर्चाचा एक चेंडू उसना घेतला आणि नेमकं ते रॉबर्टसनने पाहिलं. झालं, दोघांचं वाजलं. टॉम तिथून बाहेर पडला. गंमत म्हणजे काही वर्षांत खुद्द रॉबर्टसनही नवीन चेंडू बनवू लागला, दोघांचं बोलणंही पूर्ववत झालं. पण टॉमची चेंडूची नोकरी मात्र गेली ती गेलीच. नवीन तंत्रज्ञान आलं की जुनं कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी होतं, हे आपण आज प्लेसमेंटच्या वर्षात रोज ऐकतो. टॉमने ते तिशीच्या आत, घरात तान्हं मूल असताना पाहिलं.

आणि हो, आपले चार मार्कही इथेच आहेत. गटापर्चाचा नवाकोरा गुळगुळीत चेंडू हवेत नीट जाईना, मध्येच गपकन खाली यायचा. खेळून खेळून ओरखडे पडलेला जुना चेंडू मात्र लांब जायचा! लोकांना कारण माहीत नव्हतं, पण त्यांनी उपाय शोधला. नव्या चेंडूवरच हातोडीने खुणा ठोकायला सुरुवात केली. कारण आपण लिहितो ते : खडबडीत पृष्ठभागामुळे बाउंडरी लेयर टर्ब्युलंट होतो, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि ड्रॅग कमी होतो. थिअरी नंतर आली, हातोडी आधी.

१८५१ मध्ये टॉम बायको-पोराला घेऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविक गावी गेला. तिथे नवीन क्लब निघाला होता आणि फेअर्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याला बोलावलं होतं. काम काय, तर कीपर ऑफ द ग्रीन. आपल्या भाषेत मैदानाचा राखणदार. मैदान आखायचं, गवत राखायचं, भोकं पाडायची, चेंडू-काठ्या विकायच्या आणि साहेब लोकांबरोबर खेळायचं. टॉमने तिथे बारा होलचं मैदान आखलं. जागा कमी, त्यामुळे होल एकमेकांना छेदत जायचे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांना आल्प्स आणि हिमालय अशी नावं पडली, ती अजून आहेत.

प्रेस्टविकला आणखी एक गोष्ट झाली, ती साधी वाटते पण माझ्या मते टॉमच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी. सांगतात ते असं की एकदा त्याच्या हातून हातगाडीतली वाळू एका ग्रीनवर सांडली. काही दिवसांनी पाहतो तर जिथे वाळू सांडली होती तिथलं गवत बाकीच्यापेक्षा जोमदार! दुसरा असता तर वाळू झाडून मोकळा झाला असता. टॉमने मुद्दाम वाळू पसरायला सुरुवात केली. आज जगभर याला टॉप ड्रेसिंग म्हणतात. पातळ थराने वाळू दिली की लहान लहान खळगे भरतात, पृष्ठभाग सपाट होतो, पाण्याचा निचरा सुधारतो, मेलेल्या मुळ्या-पात्यांचा थर कुजायला मदत होते आणि किनाऱ्यावरचं बारीक पात्याचं गवत टिकतं. जिओटेकचं लेक्चर ऐकल्यासारखं वाटतंय ना? टॉमने कुठलंही लेक्चर ऐकलं नव्हतं. तो फक्त रोज मैदानावर चालत होता आणि बघत होता.

१८५९ मध्ये रॉबर्टसन वारला. आता देशातला सर्वांत चांगला खेळाडू कोण? ते ठरवण्यासाठी प्रेस्टविक क्लबने १७ ऑक्टोबर १८६० रोजी एक स्पर्धा घेतली. आठ खेळाडू, बारा होलच्या तीन फेऱ्या, एकाच दिवसात. बक्षीस चामड्याचा एक पट्टा, चांदीने मढवलेला. हीच पहिली ओपन चॅम्पियनशिप. टॉम त्यात दुसरा आला, दोन फटक्यांनी. पहिला आला विली पार्क. पुढच्या वर्षी मात्र टॉम जिंकला. मग १८६२ मध्ये पुन्हा, तेही तब्बल १३ फटक्यांच्या फरकाने. ओपनमध्ये हा फरक आजवर कुणीही ओलांडलेला नाही. मोठ्या स्पर्धांतला हा विक्रम मोडला तो थेट २००० साली, टायगर वुड्सने, अमेरिकेतल्या पेबल बीचला. १८६४ आणि १८६७ मध्येही टॉमच जिंकला. १८६७ मध्ये तो ४६ वर्षांचा होता. ओपन जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्याचंच नाव अजूनही आहे.

इतकं होऊनही त्याचं रोजचं काम फावड्याचंच होतं. १८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्याला परत गावी बोलावलं, वर्षाला ५० पौंड पगारावर. गावचं जुनं मैदान, ज्याला आज ओल्ड कोर्स म्हणतात, ते तेव्हा वाईट अवस्थेत होतं. काटेरी झुडपं आत घुसलेली, ग्रीन खडबडीत, बंकर कोसळलेले. टॉम पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राबला. तर चला, त्याने राखलेल्या त्या मैदानावर एक फेरी मारू. नकाशे आणि सामन्यांचे व्हिडिओ पाहून मी ती इतक्यांदा मारली आहे की होलचे क्रम मला आपल्या टाइमटेबलपेक्षा जास्त पाठ आहेत.

पहिला होल. क्लबच्या दगडी इमारतीसमोरून सुरुवात. समोर अफाट रुंद मैदान, कारण पहिल्या आणि अठराव्या होलची जमीन एकच आहे. मधून चक्क गावाचा रस्ता जातो आणि लोक समुद्रावर जायला तो ओलांडतात! चुकवणं अशक्य वाटावं इतकं सोपं. पण ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन नावाचा ओढा आहे. जरा कमी मारलात की चेंडू पाण्यात. ही ग्रीन टॉमने १८७० च्या सुमारास नव्याने केली. तिच्यामुळे फेरीची दिशाच बदलता आली. पूर्वी घड्याळाच्या काट्याप्रमाणे खेळत, आता उलट खेळतात.

दुसऱ्या होलपासून मैदान एका अरुंद पट्ट्यात खाडीच्या दिशेने निघतं. जायची वाट आणि यायची वाट शेजारी शेजारी. पूर्वी तर जाणारे आणि येणारे त्याच भोकांत खेळायचे. गर्दी वाढली तेव्हा ग्रीन मोठ्या करून प्रत्येकीवर दोन भोकं ठेवली गेली. आजही अशा सात जोडग्रीन आहेत आणि गंमत म्हणजे प्रत्येक जोडीच्या नंबरांची बेरीज अठराच येते. दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, चौथा-चौदावा... करून बघा.

सातव्यापासून अकराव्यापर्यंत मैदान एडन नदीच्या मुखाशी वळण घेतं. इथे वाऱ्याचं राज्य. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर येणार, आणि भरती-ओहोटीबरोबर तो दिशा बदलतो म्हणजे दोन्ही वेळा तोंडावरही येऊ शकतो! अकरावा होल लहान, एका फटक्यात पोचता येईल असा, पण पुढ्यात खोल बंकर. चौदाव्यावर तर एका बंकरचं नावच हेल, म्हणजे नरक. संपूर्ण मैदानात असे ११२ बंकर आहेत आणि कित्येक तर उभं राहिल्यावर दिसतही नाहीत. टायगर वुड्सने २००० सालची ओपन इथे जिंकली तेव्हा चार दिवसांत त्याचा चेंडू एकदाही बंकरमध्ये गेला नाही, यावरून त्या आठवड्यात तो कसा खेळला असेल बघा.

सतरावा रोड होल. ग्रीनच्या पुढे बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्त्यावर गेलेला चेंडू रस्त्यावरूनच मारायचा. मग अठरावा. स्विल्कनवरचा छोटा दगडी पूल ओलांडायचा, गाव समोर येतं, आणि ग्रीनच्या पुढे एक फसवी खोलगट जागा. ही ग्रीनही टॉमनेच घडवली. उजव्या हाताला रस्त्यापलीकडे त्याचं दुकान होतं. या होलचं नाव आहे टॉम मॉरिस.

टॉमचं रोजचं जगणं या मैदानाशीच बांधलेलं होतं. सकाळी समुद्रात डुबकी, अगदी थंडीतही. मग मैदानाची फेरी. ग्रीनवर वाळू. बंकरच्या कडांना गवताचे तुकडे रचून आधार. गवत कापायला यंत्र वापरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत तो होता. रविवारी मात्र मैदान पूर्ण बंद. तो धार्मिक होता हे खरं, पण खेळाडूंना सुट्टी नको असली तरी मैदानाला ती हवी असते असंही त्याचं म्हणणं होतं. काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर ओल्ड कोर्स आजही रविवारी खेळासाठी बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला जातात. स्त्रियांसाठी १८६७ मध्ये पटिंगचा क्लब निघाला. त्यांच्यासाठी टॉमने आखलेल्या उंचसखल ग्रीनला लोक हिमालयाज म्हणतात! त्या काळच्या सभ्यतेत बायकांनी खांद्याच्या वर काठी उचलणं बसत नव्हतं, म्हणून फक्त पटिंग.

आता धाकटा टॉम. प्रेस्टविकला जायच्या आधी, एप्रिल १८५१ मध्ये त्याचा जन्म झाला. त्याच्या आधीचा पहिला मुलगाही टॉमच होता. तो चार वर्षांचा होऊन गेला होता आणि त्याचंच नाव या मुलाला ठेवलं. १८६८ मध्ये, सतराव्या वर्षी, या पोराने ओपन जिंकली. दुसरा कोण आला? बाप! एका स्पर्धेत पहिला मुलगा आणि दुसरा वडील हे ओपनच्या इतिहासात एकदाच घडलंय. पोरगं १८६९ आणि १८७० मध्येही जिंकलं. नियमाप्रमाणे लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्याला पट्टा कायमचा मिळायचा. तो घेऊन पोरगं घरी गेलं आणि १८७१ मध्ये द्यायला बक्षीसच नव्हतं म्हणून स्पर्धाच झाली नाही! १८७२ मध्ये पुन्हा स्पर्धा झाली, पुन्हा तोच जिंकला. आज ओपनच्या विजेत्याला जो चांदीचा क्लॅरेट जग देतात त्यावर पहिलं नाव त्याचं आहे. आपल्यापेक्षा मुलगा भारी आहे हे थोरल्या टॉमला पहिल्यापासून कळलं होतं आणि त्याला त्याचा अभिमानच होता.

सप्टेंबर १८७५. बापलेक जोडीने नॉर्थ बर्विकला विली पार्क आणि त्याचा भाऊ मंगो यांच्याविरुद्ध खेळत होते. धाकट्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बायको मार्गारेट बाळंतपणाला टेकली होती. सामना चालू असताना तार आली, तिची प्रकृती गंभीर आहे. सामना संपला, ते जिंकलेही, पण सेंट अँड्र्यूज खाडीच्या पलीकडे आणि रेल्वेने जायचं तर मोठा वळसा. एकाने आपली शिडाची नौका दिली आणि ते समुद्रमार्गे निघाले. घरी पोचले तेव्हा मार्गारेट आणि बाळ दोघंही गेली होती.

त्यानंतर धाकटा टॉम पूर्वीचा राहिला नाही. थंडीत, बर्फ पडत असताना त्याने पैजेचा एक लांबलचक सामना खेळला आणि जिंकलाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या सकाळी, नाताळच्या दिवशी, तो आईवडिलांच्या घरी अंथरुणात मृतावस्थेत सापडला. वय २४. लोक म्हणाले, बायकोच्या दुःखाने गेला. डॉक्टरांच्या तपासणीत फुप्फुसातल्या रक्तस्रावाचं निदान झालं. पुढच्याच वर्षी त्याची आई, टॉमची बायको नॅन्सी, गेली. पुढच्या तीस वर्षांत टॉमची उरलेली तीनही मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

इथे मी थांबलो होतो. चोपन्न वर्षांचा माणूस, ज्याच्याकडे जिंकायचं काही उरलं नाही आणि ज्याच्यासाठी जिंकायचं तोही उरला नाही. तो दुसऱ्या दिवशी काय करतो?

तो मैदानावर जातो. एवढंच. वाळू टाकतो, भोकं बदलतो, गवत बघतो. १९०३ पर्यंत, म्हणजे वयाची ब्याऐंशी वर्षं होईपर्यंत तो ते काम करत राहिला. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत ओपनमध्ये खेळायलाही उतरला, जिंकण्याची काही शक्यता नसताना. लोक त्याला लांबलांबहून मैदानं आखायला बोलवत. डॉर्नॉक, मुइरफील्ड, आयर्लंडमधलं काउंटी डाउन आणि लाहिंच... आज जगातल्या उत्तम मैदानांत गणली जाणारी कितीतरी मैदानं त्याच्या पावलांनी मोजलेली आहेत. यंत्रं नव्हती, माती हलवायला पैसे नव्हते. जमीन आहे तशी वाचायची आणि तिच्यात होल शोधायचे, हीच त्याची डिझाइन. ज्या क्लबचा तो नोकर होता, जिथे त्याच्यासारखे कामकरी खेळाडू सभासद होऊ शकत नव्हते, त्या क्लबने शेवटी त्याचं मोठं तैलचित्र करून घेतलं. १९०८ च्या मे महिन्यात गावातल्या दुसऱ्या एका क्लबच्या जिन्यावरून पडून तो गेला. अख्खं गाव अंत्ययात्रेला होतं. जुन्या कॅथेड्रलच्या आवारात, धाकट्याच्या स्मारकाजवळ त्याला पुरलं.

हे सगळं मी मॅगझिनमध्ये का लिहितोय? एक कारण सांगतो. यंदा मला जी नोकरी मिळाली ती पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पात ऑपरेशन अँड मेंटेनन्सची आहे. रूमवर पार्टी झाली तेव्हा दोस्तांनी अभिनंदनाबरोबर कीवही केली. चार वर्षं डिझाइन शिकून शेवटी व्हॉल्व्ह उघडायचे-लावायचे! घरीही काकांनी विचारलं, बांधायचं काम नाही का मिळालं? आपल्याकडे बांधणारा तो इंजिनिअर, आणि राखणारा म्हणजे दुसऱ्या दर्जाचा, हे इतकं पक्कं बसलेलं आहे की मलाही रात्रभर झोप लागली नाही.

टॉम मॉरिसच्या चार पट्ट्यांची बातमी जुनी झाली. विक्रम मोडतात, नाही मोडले तरी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पण २०२२ च्या जुलैमध्ये एकशे पन्नासावी ओपन सेंट अँड्र्यूजला झाली तेव्हा जगातले सगळे मोठे खेळाडू शेवटी ज्या ग्रीनवर आले ती त्याने घडवलेली होती. १८९४ मध्ये गावाने कायदा करून ती जमीन परत आपल्या मालकीची केली, १९७४ पासून एक सार्वजनिक ट्रस्ट ती सांभाळतो, आणि सोडतीत नाव निघालं तर तुमच्या-माझ्यासारखा बाहेरचा माणूसही तिथे फी भरून खेळू शकतो. मैदान टिकलं म्हणून खेळ टिकला. आणि मैदान कुणी एकदा बांधलं म्हणून टिकत नाही, कुणीतरी त्यावर रोज वाळू टाकतो म्हणून टिकतं.

आपल्याच कॅम्पसमध्ये बघा ना. गॅदरिंगच्या आदल्या रात्री मैदानावर पाणी मारणारे माळीकाका, टाकी भरली का बघायला पहाटे चारला उठणारे पंपावरचे मामा, सबमिशनच्या रात्री लाइट गेली की पावसात डीपीपाशी उभे असणारे वायरमन भाऊ. यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्यांच्यातला प्रत्येक जण रोज वाळू टाकतोय, आणि आपण वर खेळतोय.

मी जुलैमध्ये जॉइन होतोय. व्हॉल्व्ह उघडायला.